किती वाजता जेवणार?

कोल्हापुरात नव्या माणसानं "चांगलं जेवण कुठं मिळेल?" असं विचारलं की समोरचा लगेच हॉटेलाचं नाव घेत नाही. तो आधी विचारतो, "किती वाजता जाणार?" त्याला प्रश्न टाळायचा नसतो. सकाळी साडेनऊला ज्या पातेल्यासमोर माणसं ताटकळत उभी असतात, त्याच पातेल्यात दुपारी दीडला आटून खारट झालेला तळ उरलेला असतो. दुपारी एकच्या रश्श्याला जी चव असते ती साडेतीनला नसते. संध्याकाळी गंगावेशीत जिथं दुधाच्या धारा वाजतात, तिथं भर दुपारी मोकळा कट्टा असतो. पाटी तीच, आचारीही तोच, पण वेळ चुकली की जेवण चुकलं. बाहेरून येणारे बहुतेक जण हॉटेल बरोबर निवडतात आणि वेळ चुकवतात, मग घरी जाऊन सांगतात की नुसता बोलबाला आहे.

गाव आधी डोक्यात बसवून घ्यावं. जुनं कोल्हापूर म्हणजे अंबाबाईच्या देवळाभोवतीचा पायी फिरण्याचा भाग. गाडी बिंदू चौकाच्या वाहनतळावर लावावी आणि विसरून जावी. तिथून भवानी मंडप काही मिनिटांच्या चालीवर. देवळाच्या महाद्वारासमोरचा महाद्वार रोड बिनखांबी गणेश मंदिरापासून पापाची तिकटीपर्यंत जातो, पुढं गंगावेश. दुसऱ्या अंगाला मिरजकर तिकटी, खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह. तिसऱ्या अंगाला शिवाजी चौक आणि भाऊसिंगजी रोड, आणि जरा पलीकडं लक्ष्मीपुरी. (तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. पत्ता विचारताना चौक आणि तिकटी यांची गल्लत केली तर सांगणारा आधी ती दुरुस्त करतो, मग रस्ता दाखवतो.) मंगळवारी, शुक्रवारी, रविवारी आणि सुट्टीत या भागात चारचाकी घालणं म्हणजे भुकेला पाऊण तास टांगून ठेवणं. नवरात्रात तर बरेच रस्ते वाहनांना बंदच असतात.

सकाळ मिसळीची. महाद्वार रोडची चोरगे मिसळ, खासबाग मिसळ, शिवाजी उद्यमनगरातली फडतरे मिसळ आणि गावाच्या उत्तरेला कसबा बावड्याची बावडा मिसळ ही नावं कुणीही सांगेल. यातली कोणती भारी यावर एकमत होणार नाही आणि होऊही नये. पेठेतल्या माणसाला पेठेतली प्यारी, बावडेकराला बावड्याची. उद्यमनगरची गोष्ट जरा वेगळी आहे. तो कारखान्यांचा, लेथ आणि फाउंड्रीचा भाग. दिवसभर उभं राहून अंगमेहनत करणाऱ्याला सकाळी पोटाला आधार देणारं, घाम काढणारं आणि दहा मिनिटांत संपणारं काहीतरी लागतं. मिसळीचा कोल्हापुरी स्वभाव समजून घ्यायला ही जागा बरी.

मिसळीत जीव असतो तो कटात. पुण्याकडं ज्याला रस्सा किंवा सॅम्पल म्हणतात त्याला इथं कट म्हणायचं. मोड आलेल्या मटकीची उसळ वेगळी शिजते, कट वेगळा. कटासाठी कांदा तेलात चांगला तांबूस होईपर्यंत परततात. सुकं खोबरं भाजून घेतात, आलं-लसूण-कोथिंबिरीबरोबर त्याचं वाटण करतात आणि ते कडेनं तेल सोडेपर्यंत हलवत राहतात. मग आच कमी करून कांदा-लसूण चटणी पडते. सगळा खेळ या अर्ध्या मिनिटाचा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. त्यामुळं चटणी तेलात पडायलाच हवी. पण आच मोठी राहिली तर ती करपते, कट काळपट होतो आणि जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा बसतो, तो लिंबानंही जात नाही. चटणी फुलली की लगेच मटकी शिजलेलं गरम पाणी ओततात. पाणी गार घातलं तर उकळी मोडते आणि तेल वर यायला फार वेळ लागतो. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं गेली की लाल तवंग आपसूक वर येऊन थांबतो.

आता घड्याळ. अगदी पहिल्या पातेल्याचा कट बऱ्याचदा कच्चा लागतो. मसाला आणि पाणी अजून एकमेकांना ओळखत नसतात. साधारण साडेनऊ ते साडेदहा ही उत्तम वेळ. अकरानंतर पातेलं आटायला लागतं आणि मीठ तेवढंच राहून पाणी कमी झाल्यामुळं कट खारट होतो. मग त्यात गरम पाण्याची भर पडते, खारटपणा जातो आणि त्याबरोबर चवही जाते. दुपारी बारा-एकला कट पातळ, फिका आणि तरीही तिखट लागला तर हेच झालेलं असतं. नावाजलेल्या ठिकाणी जेवणाच्या वेळेपर्यंत मिसळ संपलेलीच असते, आणि ही त्या ठिकाणाची चांगली खूण समजावी. दिवसभर मिसळ मिळते असं लिहिलेलं असेल तर दिवसभर पातेलं गरम होतंय, एवढंच त्यातून कळतं.

ताटलीत उसळ, वर फरसाण, त्यावर कट, मग कांदा, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. सोबत पाव नाही, ब्रेडचे स्लाईस. मुंबईचा माणूस इथं पहिल्यांदा अडखळतो. पण कट ओढून घ्यायला जाड कापलेला स्लाईस पावापेक्षा बरा. तो सगळीकडून सारखा सच्छिद्र असतो, त्याला वरची चामट पापुद्र्यासारखी साल नसते आणि गोडसरपणाही कमी. फक्त बुडवायची पद्धत आहे. तुकडा अर्धाच बुडवायचा आणि लगेच उचलायचा. पूर्ण बुडवून वाट पाहिली तर तो ताटलीतच विरघळतो आणि मग चमच्यानं लापशी खावी लागते. वडाही इथं ब्रेडबरोबर खातात, तो वडा-ब्रेड. कटात सोडला की कट वडा. त्याला अट एकच, वडा कढईतून नुकताच काढलेला पाहिजे. गार वड्याचं बेसनाचं कवच घट्ट झालेलं असतं, ते कट आत घेत नाही आणि वडा नुसता ओला होऊन बसतो.

तिखट झेपत नसेल तर "कमी तिखट द्या" एवढं म्हणून भागत नाही. पळी वरवर फिरवली की तवंगच जास्त येतो, आणि तिखट त्या तेलातच असतं. "कट खालून द्या, तवंग कमी" असं सांगावं. वाढपी मनात हसेल, पण बरोबर देईल. जादा कट बहुतेक ठिकाणी मागून मिळतो, जादा ब्रेडचे पैसे पडतात. आणि जीभ पेटली तर पाणी पिऊ नये. मिरचीचा जाळ तेलात विरघळतो, पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी प्यायल्यावर तो तोंडभर पसरतो. दही, ताक किंवा दूध घ्यावं.

मिसळीनंतर चहा. गुळाचा चहा ठिकठिकाणी मिळतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि थंडीत गुऱ्हाळं चालू असताना नवा गूळ हाताशी असतो. गुळाचा चहा फाटतो, कारण गूळ आणि दूध एकत्र उकळतात. जाणता चहावाला चहापत्ती, आलं आणि गूळ पाण्यात उकळून घेतो आणि दूध वेगळं तापवून शेवटी मिसळतो. मिसळल्यावर पुन्हा उकळी नाही. कपात बारीक कण तरंगताना दिसले तर घाई झाली असं समजावं.

चहावरून भाऊसिंगजी रोडची गोष्ट सांगायलाच हवी, कारण शंभर वर्षांपूर्वी बाहेर कुठं खायचं या प्रश्नाआधी इथं दुसरा प्रश्न होता. आत कुणाला बसू देतात? गंगाराम कांबळे या अस्पृश्य ठरवलेल्या माणसानं शाहू महाराजांच्या मदतीनं याच रस्त्यावर चहाचं हॉटेल काढलं. त्याच्या हातचा चहा कोण पिणार, म्हणून गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज येता-जाता तिथं गाडी थांबवून चहा मागवू लागले, स्वतः प्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही पाजायचे. छत्रपतींनी प्यायलेल्या कपाला नाही कोण म्हणणार? आज त्या रस्त्यानं जाताना दुकानांच्या पाट्यांत हे काही दिसत नाही. पण कोल्हापुरातल्या कुठल्याही टेबलावर अनोळखी माणसाशेजारी खुर्ची ओढून बसताना हे माहीत असलेलं बरं.

दुपार मटणाची. इथं थोडं थांबून बोलू.

तांबडा-पांढरा ही जोडी सगळ्यांना ऐकून माहीत असते, पण दोन्ही एकाच पाण्यातून निघतात हे अनेकांना ठाऊक नसतं. त्या पाण्याला अळणी म्हणतात. हाडांसकट मटण आलं, लसूण, मीठ लावून भरपूर पाण्यात शिजवलं की जे उतरतं ते अळणी. घरच्या प्रमाणात सांगायचं तर किलोभर मटणाला दोन ते अडीच लिटर पाणी. नळी, चाप आणि मांडी असं मिश्र मटण घ्यावं. नुसत्या बिनहाडाच्या बोटीचा रस्सा पाणचट होतो, कारण अंगचा चिकटपणा हाडांतून आणि सांध्यांतून येतो. हळद चिमूटभर. जास्त पडली की पांढरा रस्सा पिवळा होतो, आणि एकदा झाला की काही उपाय नाही. मटण शिजलं की तुकडे सुक्यासाठी बाजूला निघतात, अळणीचे दोन भाग होतात. लहान मुलाला आणि आजाऱ्याला यातलीच वाटीभर अळणी मिरी घालून देतात. काही खानावळींत मागितली तर मोठ्या माणसालाही मिळते, आणि ती मागावी. रश्श्याखाली काय लपलंय ते तिच्यात उघडं कळतं.

पांढऱ्यासाठी एका मोठ्या ओल्या नारळाचं दूध, दोन चमचे खसखस, दोन चमचे पांढरे तीळ, आठ-दहा काजू. खसखस आणि काजू तासभर तरी भिजवून अगदी गंधासारखे वाटायचे. खसखस जाडीभरडी राहिली तर ती वाटीच्या तळाशी वाळूसारखी बसते आणि शेवटचा घोट दाताखाली करकरतो. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी, तमालपत्र, त्यावर हे वाटण, मग गरम अळणी. हे सगळं उकळून एकजीव झालं की आच अगदी कमी करून नारळाचं घट्ट दूध शेवटी. यानंतर उकळी येऊ द्यायची नाही. नारळाच्या दुधाला उकळी लागली की ते फुटतं, वर तेलाचे थेंब आणि खाली चोथा असे दोन भाग होतात. घरी हे टाळता येतं. खानावळीत दुपारभर चालणाऱ्या गर्दीसाठी पातेलं चुलीवरच असतं, आणि म्हणून पांढरा रस्सा एकच्या आसपास खावा. साडेतीनला तोच रस्सा पन्नासवेळा ढवळलेला आणि काठावर फुटलेला असतो. फुटू नये म्हणून काही जण आधीच त्यात पीठ घालतात. ओळखायला सोपं आहे, वाटी पाच मिनिटं तशीच ठेवा. खसखस-काजूचा रस्सा निवला तरी वाहतो. पिठाचा रस्सा खिरीसारखा आळतो आणि वर साय धरल्यासारखा पापुद्रा येतो.

तांबड्याचं वाटण कांदा-खोबऱ्याचंच, कटाच्या नात्यातलं, पण त्याला अळणीचा आधार. तिखट सगळं चटणीतून येतं. कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात वर्षभराची करून ठेवतात. ब्याडगी मिरची रंगासाठी, संकेश्वरी तिखटासाठी, त्यात धणे, तीळ, खोबरं, खडा मसाला, तळलेला कांदा आणि लसूण. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते सुनेलाही लगेच सांगत नाहीत. चांगल्या तांबड्यात लाल फक्त तवंग असतो. चमच्यानं तवंग बाजूला सारला की खालचा रस्सा विटकरी, किंचित तपकिरी दिसला पाहिजे. वरपासून तळापर्यंत कुंकवासारखा एकच लाल रंग असेल आणि बोटं धुतल्यावरही नखांच्या कडा लाल राहत असतील तर तो रंग मिरचीचा नाही.

ताटात सुकं मटण, दोन्ही रश्श्यांच्या वाट्या, भाकरी किंवा चपाती, कांदा-लिंबू, दही-कांदा आणि शेवटी भात. काही ठिकाणी खिमा किंवा अंडंही असतं. रस्सा बहुतेक खानावळींत मागाल तेवढा मिळतो, आणि खाण्याचा क्रम पाळला तरच त्याचा फायदा. पांढरा आधी, गरम असतानाच, वाटी तोंडाला लावून प्यायचा. त्याचा खोबरेल ओशटपणा जिभेवर अस्तर घालतो आणि पुढचा तांबडा सुसह्य होतो. मग भाकरी तांबड्यात कुस्करायची आणि बोटांनी ओरपायची. चमच्यानं होत नाही. सुकं भाकरीच्या कोरड्या तुकड्याबरोबर. भातावर तांबडा, आणि शेवटचे दोन घास पांढऱ्याचे. पांढरा शेवटपर्यंत तसाच ठेवणारी मंडळी तो गार करून टाकतात आणि मग म्हणतात, काही खास नाही.

भाकरी एकावेळी एकच मागवावी. ज्वारीची भाकरी तव्यावरून उतरल्यापासून दहा-पंधरा मिनिटं मऊ असते, नंतर तिचा काठ चामट होतो आणि मग मोडतो. आल्या आल्या चार भाकऱ्या ताटात टाकणारी जागा घाईतली असते. तव्याचा आवाज जेवायच्या जागेपर्यंत येत असेल तर तिथं बसायला हरकत नाही.

नावं विचाराल तर लक्ष्मीपुरीतलं पद्मा गेस्ट हाऊस जुन्या माणसांच्या तोंडी आहे, ताराबाई पार्काकडं ओपल आहे. दोन्हींची कीर्ती मटणाच्या ताटावर उभी आहे. पण कोल्हापुरी जेवणाची खरी मोजमापं पेठांतल्या पाच-सहा टेबलांच्या खानावळींत होतात. तिथं पाटीवर 'घरगुती' लिहिलेलं असतं आणि दोन-अडीचला शेवटचं ताट वाढून पातेली घासायला जातात. साडेबाराला आत शिरावं. रात्री साडेसात-आठ. सुट्टीत नावाजलेल्या जागी दुपारी दीडला पोचलात तर तासभर रांग ठरलेली, आणि रांग संपेपर्यंत रश्श्याची चांगली वेळ टळलेली.

वारही बघावा. बुधवार, शुक्रवार, रविवार हे मटणाचे दिवस. त्या दिवशी उलाढाल मोठी, त्यामुळं माल ताजा. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी बरीच घरं खात नाहीत, खानावळीत गर्दी कमी, जागा लगेच मिळते, पण पातेलं लहान लागतं आणि लहान पातेल्याचा रस्सा मोठ्या पातेल्याइतका मुरत नाही. श्रावणात आणि नवरात्रात मटणाच्या ओढीनं येऊ नये. आषाढात मात्र जरूर यावं. पंचगंगेला नवं पाणी आलं की गल्ल्यागल्ल्यांतून ते वाजतगाजत त्र्यंबोलीच्या टेकडीवर नेतात, मंगळवार-शुक्रवारी जत्रा होतात, आणि गावभर रश्श्याचा वास सुटतो. मटण या गावात किती गंभीर विषय आहे ते पाहायचं तर २०१९ ची अखेर आठवा. मटणाच्या दरावरून तेव्हा इथं रीतसर आंदोलन झालं होतं. बाहेरच्यांना त्याचं हसू आलं, इथल्यांना नाही.

न खाणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये, फक्त एक चूक टाळावी. 'व्हेज कोल्हापुरी' मागवू नये. ही भाजी महाराष्ट्रभरच्या हॉटेलांच्या मेन्यूत जन्मली, कोल्हापूरच्या चुलीवर नाही. अख्खा मसूर, भरलेलं वांगं, झुणका, खर्डा आणि दही मागा. खर्डा म्हणजे हिरवी मिरची, लसूण आणि मीठ तव्यावर परतून तिथंच वाटीच्या बुडानं रगडलेलं. मिक्सरमधला खर्डा पाणी सोडतो, त्याला पोत राहत नाही. अख्ख्या मसुरीचा दाणा अख्खा दिसला पाहिजे आणि बोटानं दाबला की लोणी झाला पाहिजे. वरण झालं असेल तर कुकरची एक शिट्टी जास्त झालेली आहे.

संध्याकाळी खासबाग. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान १९१२ चं. शेजारचं नाट्यगृह १९१५ चं, त्याला ऑगस्ट २०२४ मध्ये आग लागली. या परिसरातली राजाभाऊंची भेळ गावभर प्रसिद्ध आहे. भेळेबद्दल सांगण्यासारखं एवढंच की ती उभ्यानं आणि लगेच खायची. चिंच-गुळाचं पाणी पडल्यापासून दोन-तीन मिनिटांत चुरमुरे मान टाकतात. गटात आलात तर सगळ्यांच्या भेळी एकदम मागवून एकमेकांची वाट बघू नका, ज्याची आली त्यानं सुरुवात करावी. फोटोसाठी थांबणाऱ्याची भेळ मऊच होणार. आणि नंतर आइस्क्रीम खायचं तर 'कॉकटेल' या नावानं दचकू नका. ग्लासात आइस्क्रीम, फळं आणि सुका मेवा असा तो थर असतो, दारूशी त्याचा संबंध नाही.

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मात्र निवांत जावं. गवळी म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाईक समोर उभं राहतं, आणि धार त्याच्या डोळ्यांदेखत निघते. या म्हशी बहुतेक पंढरपुरी जातीच्या. तलवारीसारखी लांब, पाठीकडं वळलेली शिंगं बघून लगेच ओळखू येतात. या जातीचं वैशिष्ट्य असं की ती दिवसातून अनेकदा, थोडं थोडं, मागणीप्रमाणं पान्हा सोडते. गिऱ्हाईक आलं की गवळी कासेवर हात फिरवतो, ग्लासभर काढतो, थांबतो. दुसरं गिऱ्हाईक आलं की पुन्हा. दुसरी म्हैस अशा धरसोडीला दाद देणार नाही. पैलवानांच्या गावात दुधात पाणी नाही याची खात्री करून घेण्याचा यापेक्षा सरळ मार्ग कुणाला सुचला नसता. दिवाळीच्या पाडव्याला याच म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसं बांधून गावातून मिरवतात. त्या दिवशी कोल्हापुरात असाल तर जेवणाची वेळ थोडी पुढं ढकला.

धारेचा आवाज ऐकण्यासारखा असतो. रिकाम्या भांड्यात पहिली धार टणटणीत, पातळ वाजते. मग फेस चढत जातो तसा आवाज जाड आणि बुजलेला होतो, शेवटी नुसतं फसफसणं. ग्लासाचा वरचा भाग फेसाचाच असतो, दूध कोमट, गोडसर, किंचित वासाचं. काहींना तो वास आवडतो, काहींना पहिल्या घोटातच नको होतो. आणि हे दूध कच्चं आहे हे विसरू नये. कच्च्या दुधातून क्षय, ब्रुसेलोसिस यांसारखे आजार होऊ शकतात. लहान मुलं, गर्भवती, म्हातारी माणसं आणि नुकती आजारातून उठलेली माणसं यांनी ते तिथं पिऊ नये, घरी नेऊन उकळून प्यावं. कट्ट्यावरची नित्याची गिऱ्हाइकंही बहुतेक कॅन घेऊनच येतात. तिखट जेवणानंतर लगेच ग्लासभर धारोष्ण दूध हा प्रयोगही करू नये. त्याचा निकाल रात्री प्रवासात लागतो.

प्रवासावरून आठवलं, पार्सल. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला जाणारे मटणाचं पार्सल बांधून घेतात आणि सकाळी घरी उघडल्यावर निराश होतात. सुकं आणि तांबडा खुशाल न्या, पण डब्यात भरायच्या आधी निवू द्या आणि पोचल्यावर लगेच खळखळून उकळा, उन्हाळ्यात तर नेऊच नका. भाकरी नेऊ नये, तिथं गेल्यावर करावी. पांढरा शक्यतो नेऊ नये. त्याला खराब होऊ द्यायचं नाही तर तो पूर्ण तापवायला हवा, आणि पूर्ण तापवला की तो फुटतो. त्यातून फारच हौस असेल तर खानावळीवाल्याला नारळाचं दूध घालण्याआधीची अळणी मागा. ओळखीचा असेल तर वाटणासकट देतो. ती घरी चांगली उकळा, नारळ ताजा फोडा, दूध काढा, आच बारीक करा आणि शेवटी घाला. पातेल्यावर झाकण ठेवू नका, वाफेनं आत उकळी कधी आली ते कळत नाही.